भरती नसलेल्या किनाऱ्यावर

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्या दापोलीकडच्या पोरांना पाढ्यांबरोबरच येतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यामुळे मिशिगन राज्यातल्या एम्पायर गावाच्या किनाऱ्यावर गाडीतून उतरल्या उतरल्या आईने विचारलं, "आज तिथी कोणती रे?"

लेक मिशिगनवर तिथी कामाची नाही. चंद्राच्या ओढीने हे पाणी जेमतेम इंच-दोन इंच हलतं. सरोवराची लांबी जवळपास 500 किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी 190. क्षेत्रफळ सुमारे 58,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आत पंधरा गोवे सहज मावतील. पलीकडचं विस्कॉन्सिन दिसत नाही, लाटा फुटतात, पुळण आहे, दीपगृहंही आहेत. फक्त खारा वास नाही. आईला तोच नसणं सगळ्यात खटकलं.

इथला कारभार वाऱ्याच्या हातात. हिमनद्या मागे हटताना जी रेती टाकून गेल्या, ती पश्चिमेच्या वाऱ्याने हजारो वर्षं या पूर्व किनाऱ्यावर रचली. त्यातूनच 'स्लीपिंग बेअर ड्यून्स', म्हणजे 'झोपलेल्या अस्वला'च्या वाळूच्या टेकड्या झाल्या. 1970 पासून हा भाग राष्ट्रीय संरक्षणाखाली आहे. नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या, ओजिब्वे लोकांच्या कथेतून आलंय: विस्कॉन्सिनच्या वणव्यातून एक अस्वलीण दोन पिल्लांसह पोहत निघाली. ती पोचली, पिल्लं बुडाली. काठावर वाट बघत पडलेली ती म्हणजे टेकडी आणि समोरची मॅनिटू नावाची दोन बेटं म्हणजे पिल्लं.

पियर्स स्टॉकिंग रस्त्यावरच्या एका सज्जातून वाळूचा उतार थेट साडेचारशे फूट खाली पाण्यात जातो. पाटीवर स्पष्ट लिहिलंय, उतरायला मिनिटं लागतात, चढायला तास. तरी तरणी पोरं खिदळत पळत सुटतात, आणि थोड्या वेळाने त्याच उतारावर चार पायांवर येताना दिसतात. हौस असेल तर जवळच्या 'ड्यून क्लाइंब' नावाच्या टेकडीवर भागवावी, असं माझं मत. तिथे निदान पायथ्याशी पार्किंग आहे.

पोहण्याचं मात्र नीट सांगायला हवं. पहिल्या दुपारी पाणी छान होतं. रात्री वारा उत्तरेकडून फिरला, आणि सकाळी पाय टाकला तर घोट्यापासून कळ. असा वारा वरचं तापलेलं पाणी आत ढकलतो आणि तळाचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. भर उन्हाळ्यात, ऊन तसंच असताना. लाटाही फसव्या. कोकणातल्या लाटेत दोन लाटांमध्ये दम घ्यायला उसंत मिळते, इथल्या आखूड अंतराने येऊन आदळतात. त्यात गोड्या पाण्यात अंग कमी तरंगतं. आत ओढणाऱ्या प्रवाहांत दरवर्षी माणसं बुडतात. म्हणून जिथे झेंडा असेल तिथे तो आधी बघायचा; लाल असेल तर वाळूतच बसायचं.

पाणी गार पडलं की आम्ही प्लॅट नदीच्या मुखाशी जायचो. नदी उथळ, कोमट, संथ. लोक रबरी ट्यूबवर पसरून तिच्याबरोबर वाहत सरोवरापर्यंत येतात. आईने साडी खोचून तिथेच पाण्यात बैठक मारली. "अंग चिकचिकत नाही, हे बरंय," एवढं प्रमाणपत्र तिने दिलं.

सरोवराचं पाणी मात्र इतकं नितळ की छातीभर पाण्यात पायाची नखं दिसतात. कौतुक करावंसं वाटतं, पण कारण बरं नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर, जहाजांनी तोलासाठी भरून आणलेल्या पाण्यातून झेब्रा आणि क्वागा जातीचे परके शिंपले इथे आले. पाण्यातले सूक्ष्म जीव ते गाळून खातात, मग लहान माशांना काही उरत नाही. किनाऱ्यावर त्यांच्या नखाएवढ्या शिंपल्यांचा खच पडलेला असतो. "तिसऱ्यांसारखे करता येतील का?" हा प्रश्न अर्थातच आला.

गोटे शोधण्याचा नाद इथे सगळ्यांनाच लागतो. पेटोस्की दगड म्हणजे साधारण 35 कोटी वर्षांपूर्वीचं प्रवाळ. कोरडा असताना कुठलाही राखाडी गोटा, ओला केला की अंगावर षट्कोनी जाळी उमटते. 1965 पासून हा मिशिगनचा राज्य-दगड आहे. राष्ट्रीय पार्कच्या हद्दीतला एकही उचलायचा नाही. राज्याच्या जमिनीवर मात्र माणशी वर्षाला 25 पौंडांपर्यंत घेता येतात. नवीन दगड लाटेने उघडे पडतात, तेव्हा वादळी वाऱ्यानंतरची सकाळ गाठावी.

जुलैत सूर्य मावळायला सव्वानऊ-साडेनऊ होतात, दिवेलागणीची सवय असलेल्यांची पंचाईत. पण त्यामुळे दुपारी चेरीच्या बागांकडे जायला भरपूर वेळ मिळतो. ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपास रस्त्याकडेला टोपल्या मांडलेल्या असतात. गोड चेरी सगळेच घेतात. तुम्ही आंबट 'मॉन्टमोरेन्सी' मागा: आईने तिचा गूळ आणि वेलदोडा घालून मुरांबा केला, आणि तो भारतात नेण्यासाठी बॅगेतले माझे दोन टी-शर्ट बाहेर काढले.