एसएसडी आणि बाबांचा चहा
"अरे, सुरू पण झाला? मी अजून गॅससुद्धा पेटवला नाही!"

बाबांची सवय ठरलेली. पीसीचं बटण दाबायचं आणि चहा टाकायला जायचं. आज नौपाड्यातून २४० जीबीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणून बसवली, विंडोज १० तिच्यावर टाकलं. जुनी हार्डडिस्क फोटोंसाठी तशीच ठेवली.

मदरबोर्ड साटा २ वाला (डिस्क जोडायची जुनी, हळू पद्धत), म्हणजे नव्या एसएसडीचा जवळजवळ निम्मा वेग वायाच. तरी एवढा फरक! विंडोज सुरू होताना असंख्य बारीक फायली वाचतं, आणि हार्डडिस्कमध्ये दर वेळी हेड सरकून तबकडी फिरून येईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

दुकानदाराचं एकच पालुपद, "साहेब, नवीनच घ्या." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, सगळं कबूल. पण सोसायटीचे हिशेब आणि चार पत्रं, एवढ्यासाठी धडधाकट मशीन भंगारात? (भंगारवाला देणार किती, तेही माहीत आहे.)

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी म्हणतोय. एक्सेलवर हात बसलेल्या घरच्या ज्येष्ठांना लिब्रेऑफिसवर (एक्सेल-वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) आणलंय का कुणी? किती दिवस शिव्या खाल्ल्या?