बटणावर हात दिसतो का?

पॉवरपॉइंटमधलं बटण चालत नाही म्हणून कुणी फाइल पाठवली की मी आधी एकच विचारते, "बटणावर माउस नेल्यावर हात दिसतो का?" समोरच्याला वाटतं मी टाळतेय. पण अर्धं निदान तिथेच होतं. स्लाइड शो चालू असताना लिंक दिलेल्या वस्तूवर बाण गेला की त्याचा बोट दाखवणारा हात होतो. हात झाला म्हणजे लिंक आहे. मग गडबड ती लिंक कुठे नेते यात शोधायची. बाण बाणच राहिला, तर त्या जागेवर लिंक नाही, किंवा लिंकच्या डोक्यावर भलतंच काहीतरी बसलंय. (बाणच गायब असेल तर घाबरू नका. माउस थोडा वेळ हलला नाही की शोमध्ये तो लपतो. कंट्रोल + ए दाबा, मग दिसत राहतो.)

आमच्या केंद्रातल्या एका सरांनी सातवीसाठी नद्या आणि धरणांची प्रश्नमंजूषा केली होती. मेहनतीची फाइल, रंगसंगती माझ्यापेक्षा चांगली. एका स्लाइडवर प्रश्न: नाथसागर हा कोणत्या धरणाचा जलाशय? खाली तीन बटणं, कोयना, जायकवाडी, उजनी. प्रत्येक बटण म्हणजे गोल कोपऱ्यांचा निळा आयत, त्यावर पांढरा थेंब आणि शेजारी नाव. जायकवाडीची लिंक 'शाब्बास'च्या स्लाइडवर, बाकी दोघांची 'पुन्हा प्रयत्न कर'वर.

सरांचा फोन आला, "मॅडम, कोयनेवर क्लिक केलं तरी कधी कधी शाब्बास येतंय. लॅबमधला काँप्युटर गंडलाय बहुतेक."

काँप्युटर बिचारा ठीक होता. फाइल उघडून शो लावला आणि कोयनेच्या बटणावरून माउस सावकाश डावीकडून उजवीकडे नेला. निळ्या कडेवर हात. थेंबावर आला की बाण. थेंब ओलांडला की परत हात. सरांनी लिंक दिली होती आयताला, आणि थेंब नंतर आणून वर ठेवला होता. थेंबाला स्वतःची लिंक नाही, आणि तो वर असल्यामुळे क्लिक खालच्या आयतापर्यंत पोचत नाही. पॉवरपॉइंटच्या लेखी तो स्लाइडवरचा साधा क्लिक, आणि साध्या क्लिकचा अर्थ 'पुढची स्लाइड'. पुढची स्लाइड कोणती? शाब्बास! पोरांनी हे सरांच्या आधी हेरलं होतं. उत्तर येत नसेल तर थेंबावर दाबायचं.

सरळ उपाय म्हणजे थेंबालाही तीच लिंक द्यायची. थेंब निवडा, इन्सर्टमध्ये अ‍ॅक्शन, 'हायपरलिंक टू', त्यात 'स्लाइड' आणि हवी ती स्लाइड. पण उद्या थेंब बदलून धरणाच्या भिंतीचं चित्र टाकलं की पुन्हा तेच. म्हणून मी बटणाच्या सगळ्या पसाऱ्यावर एक मोठा आयत झाकते. त्याला कुठलाही रंग, पारदर्शकता 100 टक्के, कडेची रेघ बंद. लिंक फक्त या आयताला, खालच्या सगळ्यांच्या काढून टाकायच्या. मग खाली थेंब ठेवा, मासा ठेवा, काय वाटेल ते ठेवा. बरेच जण पारदर्शकतेऐवजी 'नो फिल' करतात. मी करत नाही, कारण फाइल दुरुस्त करताना तो आयत मधून पकडता येत नाही, त्याची अदृश्य कड माउसने चाचपत बसावं लागतं.

हा आयत एक त्रास मात्र देतो. खालचा थेंब हलवायला जावं तर दरवेळी आयतच हातात येतो. यासाठी ऑल्ट + एफ10. उजवीकडे सिलेक्शन पेन उघडतो आणि स्लाइडवरच्या प्रत्येक वस्तूची यादी दिसते. यादीत सगळ्यात वर असेल ते स्लाइडवर सगळ्यात पुढे. नावाशेजारच्या डोळ्यावर क्लिक केलं की ती वस्तू तात्पुरती लपते. शो लावण्याआधी डोळा परत उघडायला विसरू नका, लपलेला आयत शोमध्येही लपलेलाच राहतो. सरांच्या फाइलमध्ये ग्राफिक 14, रेक्टँगल 9, टेक्स्टबॉक्स 22 अशी नावं होती. तीन बटणांच्या स्लाइडवर कोण कुणाचं ते कळायला कुंडली मांडावी लागली असती. नावावर दोनदा क्लिक करून 'कोयना क्लिक', 'कोयना थेंब' असं लिहून टाकलं.

त्याच फाइलमध्ये उजनीचं नाव निळ्यावर निळं, खाली रेघ. वाचताच येईना. तिथे लिंक देताना आयताऐवजी आतली अक्षरं निवडली गेली होती. अक्षरांना लिंक दिली की ती थीममधला लिंकचा रंग घेतात आणि खाली रेघ ओढून घेतात. लिंक काढायची, आकाराच्या कडेवर क्लिक करून पूर्ण आकार निवडायचा आणि मग द्यायची. अक्षरं पांढरीच राहतात.

थेंब अर्धा निळा अर्धा पांढरा करायचा म्हणून कुणी 'कन्व्हर्ट टू शेप' केलं असेल तर तेही बघावं. त्याने आयकॉनचे सुटे तुकडे होतात, आणि तुकड्यांमधल्या फटीत पडलेला क्लिक मागच्या वस्तूला जातो. वरून पारदर्शक आयत असला की हाही प्रश्न मिटतो. आणि 'मागे' जायचा बाण कुणी विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टमधलं अक्षर वापरून काढला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर जुन्या फॉन्टातल्या मराठी पत्रांचं जे होतं तेच त्याचं होतं, बाणाऐवजी भलतंच अक्षर दिसतं. तिथे सरळ आकारांमधला बाण घ्यावा.

हात दिसतोय पण नको तिथे जातोय, ही तक्रार बहुधा कॉपी-पेस्टची असते. बटण कॉपी केलं की त्याची लिंकही जशीच्या तशी येते. नाव बदललं म्हणून लिंक बदलत नाही. दुसरं कारण म्हणजे 'नेक्स्ट स्लाइड' ही लिंक. ती कुठल्या ठरावीक स्लाइडची नसते, त्या क्षणी जी पुढे असेल तिची असते. मध्ये एक स्लाइड घातली की बटण तिकडे जातं. ठरावीक स्लाइड निवडून दिलेली लिंक मात्र क्रम बदलला तरी आपली स्लाइड सोडत नाही.

वर्गातल्या मोठ्या टच पॅनेलवर हाताची युक्ती चालत नाही, कारण बोट टेकेपर्यंत तिथे बाणच नसतो. म्हणून तपासणी लॅपटॉपवर माउसने उरकावी. 'माउस ओव्हर'वर ठेवलेली कृतीही पॅनेलवर भरवशाची नाही, सगळं 'माउस क्लिक'वर ठेवा. आणि पॅनेलवर बटणाऐवजी रेघ उमटत असेल तर रेघा ओढायचं पेन चालू राहिलंय, फाइलला दोष देऊ नका.

राहिला तो फुकटचा शाब्बास. ट्रान्झिशन्समध्ये उजव्या टोकाला 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढली आणि 'अप्लाय टू ऑल' केलं. आता बटण चुकलं तर स्लाइड जागची हलत नाही. सर खूश. दुसऱ्याच आठवड्यात फोन, "मॅडम, पोरं स्पेसबार दाबतायत."

खरंय, ती खूण फक्त माउसला अडवते, कीबोर्डला नाही. मग सेट अप स्लाइड शोमध्ये जाऊन 'ब्राउझ्ड अ‍ॅट अ किऑस्क' निवडायला सांगितलं. त्यात स्पेसबारही नाही आणि बाणांच्या कळाही नाहीत, फक्त लिंक चालतात. त्यामुळे आधी प्रत्येक स्लाइडवर बाहेर पडायला एकतरी बटण आहे ना ते बघून घ्यावं लागतं, नाहीतर पोर 'पुन्हा प्रयत्न कर'वर अडकून बसतं. एस्केप तेवढं किऑस्कमध्येही चालतं. ते वर्गात कुणाला सांगू नका, असं सरांना बजावलंय.