पांढऱ्या भिंतीवर वारली

सोमवार

प्रदर्शन उतरलं की पुढचे दिवस भिंतीचे. स्क्रूंची भोकं, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांनी उठवलेले काळपट ओरखडे, लेबलच्या चिकटपट्टीबरोबर निघून आलेले रंगाचे टवके. गॅलरीची भिंत आपोआप कोरी राहत नाही, दरवेळी ती नव्याने कोरी करावी लागते.

बऱ्याच गॅलऱ्यांत मूळ भिंतीवर चित्र टांगतच नाहीत. पुढे चौकट ठोकून त्यावर १२ मिमी प्लाय आणि वर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड बसवतात. प्लायमुळे स्क्रू कुठेही पकड घेतो. नुसत्या जिप्समवर वीस किलोची फ्रेम लावली तर स्क्रू भोक रुंदावत हळूहळू खाली उतरतो. सांध्यांवर जाळीची पट्टी, लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, प्रत्येक हात सुकल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर आणि शेवटी मॅट इमल्शनचे दोन हात. मॅटच हवा. जराशी चकाकी असली तरी स्पॉटखाली रोलरचे पट्टे आणि भरलेलं प्रत्येक भोक उघडं पडतं. लांबी सुकताना आकसते, म्हणून भोक किंचित फुगवटा ठेवून भरायचं आणि घासून सपाट करायचं. टच-अपही रोलरनेच करायचा, कारण ब्रशचा डाग बाजूने उजेड पडला की वेगळा कळतो. मुंबईच्या पावसाळ्यासाठी बोर्डमागे हवा खेळायला २५-३० मिमी फट सोडावी, नाहीतर जुन्या भिंतीची ओल पुढे येते आणि पोपडे धरतात.

तळाशी पट्टी न मारता १०-१२ मिमीची खाच ठेवतात. त्यामुळे भिंत जमिनीला टेकलेली वाटत नाही. खिडक्या आधीच झाकलेल्या असतात. आपण फोर्टमध्ये आहोत की बर्लिनमध्ये, दुपार आहे की रात्र, हे कळण्याची सगळी साधनं अशी एकेक करून काढून घेतलेली असतात. मला ही भिंत निमूट कधीच वाटली नाही. ती पाहणाऱ्याला काय विसरायचं ते सांगत असते.

मंगळवार

पॅरिसच्या जुन्या सालोंमध्ये, म्हणजे मोठ्या कलाप्रदर्शनांमध्ये, चित्रं छतापर्यंत एकावर एक रचलेली असत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९२९ पासून फिक्या भिंतीवर, एका ओळीत, मोकळ्या अंतराने चित्रं लावायची पद्धत रुजवली आणि जगभरच्या गॅलऱ्यांनी ती उचलली. कलासमीक्षक ब्रायन ओ'डोहर्टी यांनी १९७६ मध्ये 'आर्टफोरम' या कला-मासिकातल्या लेखांतून या पांढऱ्या खोलीवर नेमकं बोट ठेवलं. तोवर ती कुणाला दिसतही नव्हती.

हल्लीचा रिवाज असा की चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५२ सेमीवर. हिशेब सोपा आहे: ठरवलेल्या मध्यरेषेत फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून जेवढी खाली असेल तेवढं वजा करायचं. मध्य १५०, फ्रेम ९०, तार ८ सेमी खाली, तर हूक १८७ वर. तार हाताने ताणूनच मोजायची. सैल मोजली की चित्र ठरल्यापेक्षा खाली येतं. आपल्याकडे १४५ बरं, कारण शाळेची मुलं येतात आणि सगळेच प्रेक्षक उंच नसतात.

काही चित्रांना ही खोली खरोखर मानवते. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचे कॅनव्हास घ्या. रोलरने आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले तैलरंगाचे थर. शेजारी दुसरं चित्र असलं की ते थर मुके होतात. दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर रिकामी भिंत द्यावी आणि दिवा उभ्या रेषेपासून ३० अंशांवर असावा. दिवा चित्राच्या फार जवळ, वर घेतला तर रंगाच्या उंचवट्यांच्या सावल्या पडतात. फार दूर नेला तर चकाकी डोळ्यांत येते आणि पाहणाऱ्याची स्वतःची सावली कॅनव्हासवर पडते. नीट जमलं की माणूस आपसूक चार पावलं मागे जातो आणि थांबतो. अशा कामासाठी पांढऱ्या भिंतीवर केलेला सगळा खर्च मला रास्त वाटतो.

गुरुवार

वारलीचं मात्र नुकसान होतं, आणि ते मला सलतं.

हे चित्र मुळात कारवीच्या कुडावर, शेणामातीने लिंपून गेरू दिलेल्या भिंतीवर काढलेलं. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी चित्र, सवाशिणी घराच्या आत, अंधूक उजेडात लिहितात. तांदळाच्या पिठाची रेघ, टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. त्या घरातली सर्वांत उजळ गोष्ट म्हणजे ती रेघ. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हे चित्र कागदा-कापडावर आणलं, आणि तिथून ते गॅलऱ्यांत, परदेशांत पोचलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता तोच कागद पांढऱ्या भिंतीवर लावा. ताजा पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८५ टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. तांदळाची रेघ तेवढी उजळ नसते. डोळा समोरच्या सर्वांत उजळ गोष्टीला पांढरं धरतो आणि बाकीचं तिच्यावरून जोखतो. म्हणून रेघ मळकट, पिवळसर दिसू लागते, आणि गेरूचा तांबूस रंग जवळजवळ काळा होतो. त्यातल्या तारपा या फुंकवाद्यावर नाचणाऱ्या फेऱ्याची गती रेघेच्या उजळपणावरच चालते. ती मंदावते.

त्यात काच. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून ८ टक्के उजेड परतवते. समोरची भिंतही पांढरी असेल तर तिचं प्रतिबिंब धुक्यासारखं चित्रावर बसतं. गेरू-शेणाचा पृष्ठभाग स्वतःच जेमतेम दहा-बारा टक्के उजेड परत देत असतो. म्हणजे जेवढं चित्र दिसतं, त्याच्या निम्म्याहून जास्त भिंतच दिसते. फ्लॅटचं फर्निचर निवडावं तसं लोक इथे फ्रेम निवडतात आणि काचेचा विचारच करत नाहीत. परावर्तनरोधक काच महाग आहे, पण ती १ टक्क्याच्या आत राहते. ती परवडत नसेल तर समोरची भिंत तरी गडद करावी.

मागच्या भिंतीला मातकट मध्यम छटा द्यावी, जी २०-२५ टक्केच उजेड परत देईल. हुबेहूब गेरू नको, झोपडीचा देखावा होतो. कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या वर उजेड द्यायचा नसतो, तेव्हा तो सगळ्या भिंतीवर न सांडता दिव्याला फ्रेमिंग शटर (उजेड चौकोनात कापणाऱ्या पात्या) लावून चित्रापुरताच बांधावा. दिव्याची रंगनिष्ठा (CRI, रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९० च्या वर हवी, नाहीतर गेरूचा लाल मरतो. इतकं केलं की रेघ पुन्हा पांढरी होते. फरक अगदी उघड असतो, शेजारी उभं राहून कुणालाही पटतो.

शुक्रवार

व्हिडिओ-कलेचंही तसंच, तिलाही ही पांढरी, कठीण खोली मानवत नाही. दहा बाय दहा मीटरची, चार मीटर उंच रिकामी खोली घ्या: घनफळ ४००, सगळे पृष्ठभाग ३६० चौरस मीटर. कठीण भिंती सरासरी ५ टक्के आवाज शोषतात असं धरलं तर घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, साडेतीन सेकंदांच्या वर जातो. मराठीतला संवाद असो की इंग्रजीतला, शब्द एकमेकांवर चढतात. एका भिंतीला, म्हणजे ४० चौरस मीटरला, जाड चुणीदार पडदा लावला तर घुमारा निम्म्यावर येतो. पडदा भिंतीपासून १०-१५ सेमी सुटा हवा. शिवाय पांढऱ्या भिंती प्रोजेक्टरचा उजेड परत व्हिडिओच्या पडद्यावर टाकतात आणि काळा रंग राखाडी होतो. तिथे गडद करडा रंग द्यावाच.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने दुसरी वाट दाखवली. १८७२ सालची रंगीत, नक्षीदार इमारत, सागवानी कपाटं, आणि त्यांच्यामध्ये २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी, २०११ मध्ये जितिश कल्लाट या आजच्या कलाकारांची कामं. तिथे कामाला शेजार होता. ते जुन्या मुंबईशी बोलत होतं, आणि माणसं कपाट पाहता पाहता समकालीन कलेपाशी येऊन पोचत होती.

दाराचाही विचार हवा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून काळा घोड्याच्या फुटपाथला लागून उघडी आहे, तिकीट नाही, म्हणून पावसात अडकलेला माणूसही आत शिरतो. गल्लीतल्या जिन्याने वर जाऊन, बेल दाबून काचेचं दार उघडायचं असेल तर तोच माणूस परत फिरतो. दार उघडं ठेवणं हवामानामुळे जमत नसेल तर दारावर मराठीत ठळक लिहावं: प्रवेश मोफत, वेळ अमुक ते अमुक. आत किमान एक बाक हवा, ४५ सेमी उंच, चित्रापासून अडीच-तीन मीटरवर. लेबलही मराठीत, निदान १८ पॉइंटमध्ये, जमिनीपासून १३५ सेमीवर, आणि चित्राच्या उजव्या कडेपासून हातभर दूर, म्हणजे वाचणारा पाहणाऱ्याच्या आड येणार नाही.