रोजनाम्यातील पुढील तारीख

आमच्याकडे आजोबांनी बांधासाठी लावलेला दावा नातू चालवतो आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. तारीख पडणे ही आपल्या माणसांच्या दृष्टीने पावसाने ओढ देण्यासारखीच गोष्ट आहे, ती सोसायची असते. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर मी तीन वर्षांची एक मुदत सदस्य होते. ही सोसण्याची सवय मुलांच्या प्रकरणांत किती हानी करते, हे मला तेथे समजले, आणि त्या हानीत माझाही वाटा होता, म्हणून हे लिहीत आहे. बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली असल्यामुळे ओळख पटेल असे सर्व तपशील मी बदलले आहेत.

समितीची खोली बालगृहाच्याच आवारात होती. गावातले लोक त्या आवाराला अजूनही ‘रिमांड होम’ म्हणतात, त्यामुळे तेथे आणलेल्या मुलाने काहीतरी गुन्हा केला असावा असा पहिला समज होतो. वास्तविक गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळ वेगळे असते. समितीपुढे येतात ती हरवलेली, टाकलेली, अत्याचार झालेली, लग्नाच्या मांडवातून सोडवलेली मुले. २०१५ च्या याच बाल न्याय अधिनियमानुसार अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते, सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरची व परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी लागते आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा अशी अपेक्षा असते. अंतिम आदेशाच्या वेळी किमान तीन सदस्य उपस्थित असावे लागतात. वाचताना हे सगळे पुरेसे वाटते.

नोव्हेंबरच्या अखेरीस रेल्वे पोलिसांनी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आमच्यापुढे आणला. आई-वडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेले होते आणि तो आजीजवळ मागे राहिला होता. त्यांच्याकडे जायचे म्हणून समोर आलेल्या गाडीत तो बसला. गावाचे नाव त्याने पिंपळगाव असे सांगितले. मराठवाड्यात पिंपळगावे किती आहेत हे येथील वाचकाला सांगायला नको. आम्ही त्याला बालगृहात ठेवण्याचा तात्पुरता आदेश केला, तपासणी अहवाल मागवला आणि पुढील तारीख दिली.

पहिल्या तारखेला अहवाल आला तो भलत्याच पिंपळगावचा. दुसऱ्या तारखेला गाव बरोबर निघाले, पण अहवालात ‘घर बंद, पालक बाहेरगावी’ एवढेच होते, कारण नातू हरवल्याच्या धसक्याने आजीला तिची लेक आपल्या गावी घेऊन गेली होती. तिसऱ्या तारखेला ही तपासणी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना दुसऱ्या कामावर पाठवलेले होते, आणि चौथ्या वेळी आम्हीच दोघे जण होतो. प्रत्येक वेळी रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, एकच ओळ लिहिली गेली: ‘अहवाल अप्राप्त, पुढील तारीख.’ त्या ओळींखाली माझी सही आहे. दरम्यान संक्रांत होऊन गेली होती. पहिल्या दिवशी हा मुलगा शाळेचे, गुरुजींचे, शेजारच्या घरातील म्हशीचे नाव सांगत होता. फेब्रुवारीत त्याला पुन्हा विचारले तेव्हा तो बहुतेक प्रश्नांना ‘माहीत नाही’ म्हणू लागला होता. मोठ्या माणसाच्या दाव्यात सातबारा दहा वर्षे कार्यालयात तसाच पडून राहतो, पण हरवलेल्या मुलाच्या प्रकरणातला मुख्य पुरावा त्याच्या आठवणीत असतो आणि तो दर महिन्याला थोडा थोडा कमी होत जातो, हे मला तोपर्यंत कधी जाणवले नव्हते.

मार्ग शेवटी एका समुपदेशक ताईंनी काढला. गाव, तालुका, शाळा हे सगळे सोडून त्यांनी मुलाला मुकादमाचे, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या माणसाचे, नाव विचारले आणि ते त्याने क्षणात सांगितले. ऊसतोड कामगाराच्या घरात ज्याची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली त्या माणसाचे नाव लहान मुलांनाही पाठ असते. गावातील आशा आरोग्यसेविकेकडून मुकादमाचा क्रमांक मिळाला, त्या दुपारीच सांगलीकडील एका कारखान्यावरची टोळी सापडली आणि संध्याकाळी मुलगा वडिलांशी फोनवर बोलला. जे काम एका दुपारचे होते, त्यासाठी आम्ही अडीच महिने घालवले होते.

आठवड्याभरात आई आली. येण्यासाठी तिला खाडा करावा लागला आणि त्याचे पैसे उचलीतून कापले जाणार होते. ती आल्यावर मुलाला तिच्या ताब्यात द्यावे असे आम्हा सर्वांना वाटले, पण तिनेच हात जोडून मुदत मागितली. आत्ता तो कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीत, आला तर त्याची शाळा बुडेल, मागे लहान बाळ आहे, त्यालाच सांभाळत बसेल, तेव्हा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, त्याला इथेच ठेवा, असे ती म्हणाली. आम्ही तिचा जबाब घेतला, मुलाला आईसमोर आणि एकट्यालाही विचारले, आठवड्यातून दोनदा फोन, जवळच्या शाळेत बसण्याची सोय आणि हंगाम संपताच पुनर्स्थापना असे सगळे लिहून तारीख पुढे ढकलली. पाडवा झाल्यावर आई-वडील दोघेही आले आणि एप्रिलमध्ये अंतिम आदेश झाला, म्हणजे चार महिन्यांची मुदत आम्ही काही दिवसांनी ओलांडली.

मला जे म्हणायचे आहे ते येथे आहे. प्रलंबित प्रकरणांचा अहवाल समिती दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना पाठवते, आणि सूचना मिळूनही तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही तर शासन समितीच बरखास्त करू शकते. ही तरतूद योग्यच आहे. परंतु त्या तक्त्यात आमचे हे प्रकरण ‘मुदतबाह्य’ ठरले ते आईच्या विनंतीवरून दिलेल्या, विचार करून दिलेल्या तारखेमुळे. ज्या चार तारखांना काहीच घडले नाही त्या मुदतीच्या आतल्या होत्या, म्हणून त्या कोणाला दिसल्या नाहीत. मुदत पाळली की नाही हे मोजता येते, आणि मोजता येते म्हणून आपण तेवढेच मोजतो.

बाल न्याय मंडळाच्या बाबतीत कायद्याने एक कडक उपाय ठेवला आहे. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिने आणि वाढीव दोन महिन्यांतही पूर्ण झाली नाही, तर ती कार्यवाही संपुष्टात येते, म्हणजे विलंबाचा लाभ मुलाला मिळतो. समितीपुढील मुलाला असा लाभ देताच येत नाही, कारण त्याची फाइल बंद करणे म्हणजे त्याला पुन्हा स्थानकावर नेऊन सोडणे. म्हणून येथे घड्याळापेक्षा रोजनाम्यावर अधिक भिस्त ठेवावी लागते. त्या प्रकरणानंतर आमच्या अध्यक्षांनी नुसती ‘पुढील तारीख’ लिहिणे बंद केले. तारीख का दिली, तोपर्यंत कोणी कोणते काम करायचे आणि मधल्या काळात मुलाला कोण भेटणार, हे लिहिल्याशिवाय त्या सही करीत नसत. सुरुवातीला कर्मचारी वैतागले, पण जबाबदार व्यक्तीचे नाव रोजनाम्यात येऊ लागल्यावर अहवाल लवकर येऊ लागले.

टाकलेल्या तान्ह्या बाळांच्या बाबतीत वेळ आणखी कमी असतो. दोन वर्षांपर्यंतच्या अनाथ किंवा परित्यक्त बालकाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करायचे असते. तेथे पोलीस ठाण्याकडून ‘पालकांचा शोध लागला नाही’ एवढ्या एका ओळीचा अहवाल येण्यास उशीर झाला, तरी बाळ शिशुगृहात रांगू लागते. त्या एका ओळीसाठी मी स्वतः ठाण्यात जाऊन बसले आहे आणि सदस्याने असे जाणे कोणाला कमीपणाचे वाटले तरी मला ते योग्यच वाटते.

काही विलंब मात्र समितीच्या हाती नसतो. समितीची मुदत संपते आणि नवी नेमणूक वेळेत होत नाही, मग शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार जातो. त्या सदस्यांना आपल्याच जिल्ह्याची मुले पुरेशी असतात. बाल न्याय अधिनियमाच्या अंमलबजावणीविषयीच्या संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रिक्त पदे तातडीने भरण्यास सांगितले होते. आमची मुदत संपली त्या दिवशी नव्या समितीचा आदेश निघालेला नव्हता. शेवटच्या बैठकीत आम्ही प्रत्येक चालू प्रकरणात कारण लिहिले, काम लिहिले, काम करणाऱ्याचे नाव लिहिले आणि तारीख दिली. त्या तारखेला त्या खुर्च्यांवर कोण बसणार आहे, हे मुलांनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही.