३८६ गेलं, बरं झालं?

आज काम दुसरंच होतं पण लिनक्सचा जुना गिट लॉग (कोडमधल्या बदलांची नोंदवही) चाळत बसलो आणि डिसेंबर २०१२ची एक नोंद दिसली. कर्नल डेव्हलपर इंगो मोलनारने इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, काढायचा बदल पाठवलाय आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सला लिहिलंय की तुझं १९९१चं मूळ ३८६ मशीन आता नव्या कर्नलवर बूट होणार नाही. वर एक खोटा खोटा हुंदका पण.

म्हणजे हेलसिंकीत ज्या मशीनवर हे सगळं सुरू झालं तेच!

लिनसचं उत्तर काय, तर मी भावनिक नाही, पीडा गेली.

जरा लागलंच मला. पण न वापरलेला कोड नुसता पडून राहत नाही हो, ३८६ला कंपेअर-एक्स्चेंज (मेमरीतली किंमत तपासून एका झटक्यात बदलणारी) इन्स्ट्रक्शनच नव्हती, त्यामुळे मल्टीप्रोसेसरच्या लॉकिंगला (एकाच डेटावर दोन प्रोसेसर एकदम येऊ नयेत म्हणून असलेल्या कोडला) कोणी हात लावला की आधी ह्या म्हाताऱ्याची वेगळी सोय बघा, तीही वर्षानुवर्षं. २०१८ला कर्नलच्या ४.१७ आवृत्तीमध्ये तर ब्लॅकफिन, टाइल वगैरे आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरचे प्रकार) एकदम उडवली.

आपल्याकडे मात्र जुना कोड काढत नाहीत, कमेंट करून (नुसता बंद करून) ठेवतात, "असू दे, लागेल कधीतरी". तुमच्या टीममध्ये डिलीट मारायची हिंमत कोण करतं?