निळी चकती कालच्याच जागी

"झिपल्याने गावठात मुकटी टरपली."

फळ्यावर हे वाक्य लिहून मी सहावीच्या वर्गाला विचारलं, "झिपल्याने काय टरपलं?" झाडून सगळे हात वर. "मुकटी!" कुठे टरपली? "गावठात!" कोणी? "झिपल्याने!" तिन्ही उत्तरं बिनचूक, पूर्ण गुण द्यावेत अशी. आणि त्या वाक्यातल्या एकाही शब्दाला अर्थ नव्हता. ते शब्द मी सकाळी चहा उकळेपर्यंत जुळवले होते.

उताऱ्याखालच्या प्रश्नांना आमची मुलं अशीच उत्तरं देतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्याच्या शेजारचा उचलायचा. उतारा दिवाळीवर किंवा बाजारावर असला तर तेवढंही करावं लागत नाही, घरचं आठवून लिहिलं तरी चालून जातं. म्हणून मला असा मजकूर हवा होता, जिथे घरचं आठवून भागणार नाही आणि शब्दाला शब्द जोडूनही हाती काही लागणार नाही. विज्ञानकथेत हे होतं. तिथलं जग अनोळखी असतं, ते फक्त समोरच्या ओळींतून उभं करावं लागतं आणि प्रत्येक ओळ आपल्याला ठाऊक असलेल्या जगाशी ताडून पाहावी लागते. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातून मुलांना घेऊन परतताना ही कल्पना डोक्यात आली होती. सोयीची गोष्ट सापडेना, तेव्हा मीच लिहायला बसले.

शाळा पूर्व नागपुरातली. बऱ्याच मुलांचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. घरी कोणी वऱ्हाडी बोलतं, कोणी हिंदी, कोणी छत्तीसगढी. पुस्तकातली मराठी यांना अर्धी परकीच, म्हणून वाक्यं लहान ठेवली. त्या शुक्रवारी वाटलेल्या कागदावर एवढंच होतं:

"रेवाने चेंडू वर फेकला आणि पाचपर्यंत मोजून झाल्यावर झेलला. सात दिवसांपूर्वी उगवलेला सूर्य आज कुठे डोक्यावर आला होता, तरी आकाश काळंच होतं. काचेपलीकडे उतारावरून मोठा धोंडा घरंगळत आला. तिने तो पाहिला, पण ऐकला नाही. समोरच्या डोंगराच्या टोकावर अर्धी निळी चकती होती. काल होती तिथेच. परवा होती तिथेच."

चंद्र, पृथ्वी, अवकाश हे शब्द मुद्दाम गाळले होते. प्रश्न एकच, रेवा कुठे आहे? ज्या ओळीवरून सांगाल तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, एवढी अट.

वर्गात सगळ्यात स्वच्छ वाचणारी मुलगी उभी राहिली. तिचं वाचन ऐकत राहावं असं आहे. सगळा कागद तिने एका दमात वाचला आणि म्हणाली, "मॅडम, कुठे आहे ते दिलेलंच नाही." खाली बसली. तिच्या कागदावर एकही रेघ नव्हती.

मग एकेक सुरू झालं. कोणी म्हणालं, रेवा बहिरी आहे, म्हणून धोंडा ऐकू आला नाही. हे उत्तर मला आवडलं, कारण ते ओळीतून आलं होतं. पण लगेच मागून एकाने विचारलं, "बहिरी असन तं सूर्य काऊन इतका हळू येते?" म्हणजे एक ओळ सुटून भागत नाही, सगळ्या ओळी एकाच उत्तरात बसायला हव्यात, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मी काही बोलले नाही.

सात दिवसांवर बराच वेळ गाडी अडली. ती सोडवली खिडकीजवळच्या एका मुलीने. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलं ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. "ते चौदाच दिवसांसाठी होतं ना मॅडम? मग तिथे रात्र झाली म्हणून बंद केलं. चौदा दिवसांचा दिवस, तर सातव्या दिवशी दुपार!" वर्गात एकच गलका. चेंडू हळू का पडतो, ते त्यांना शिकवलेलं होतं, चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या सहाव्या हिश्श्याइतकं. हवा नाही, म्हणून आवाज नाही आणि आकाशही काळं. सगळं बसलं. मला वाटलं, झाला तास.

तेवढ्यात छोटू म्हणाला, "मॅडम, हे शेवटचं चूक लिवलं."

छोटू हे त्याचं घरचं नाव, इथेही तेच लिहिते. वाचन स्तराच्या तक्त्यात त्याच्यापुढे मीच 'शब्द' लिहिलं होतं, म्हणजे सुटे शब्द वाचतो, वाक्य नाही. त्या ओळींवर तो अर्धा तास बोट ठेवून बसला होता आणि शेवटच्या दोन वाक्यांखाली त्याने इतकी दाबून रेघ ओढली होती की कागद फाटायला आला होता.

"काय चूक आहे बेटा?"

"गच्चीवर झोपलो का चंद्र टाकीच्या इकडून तिकडे जाते. रात्रभर सरकते. मंग तिथून आपली पृथ्वी काऊन नाई सरकत?"

निळी चकती म्हणजे पृथ्वी, हे तोवर वर्गात कोणी उच्चारलंही नव्हतं. त्याने ते मनात केव्हाच ओलांडलं होतं आणि पुढे जाऊन तो माझ्या गोष्टीशी भांडत होता. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर पाणी मारून झोपणाऱ्या नागपुरातल्या प्रत्येक पोराने ती टाकी आणि तो चंद्र पाहिलेला असतो. वाचताना ते आठवलं त्याला एकट्याला.

चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते, म्हणून तिथून पृथ्वी जवळपास एकाच जागी दिसते, हे मी वाचलेलं होतं. पण त्याला पटेल असं सांगायला गेले तर शब्द सापडेनात. म्हणून सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. स्वच्छ वाचणाऱ्या मुलीला मध्ये उभं केलं, ती पृथ्वी. छोटू चंद्र. मैदानाकडचं उजेडाचं दार हा सूर्य. "तिच्याकडेच तोंड ठेवून तिच्याभोवती एक फेरी मार."

पाय आडवे टाकत तो फिरला. "हे तं समोरच राहते," तो पुटपुटला. आणि दार? दार आधी पाठीशी होतं, मग खांद्याशी आलं, मग तोंडासमोर, मग दुसऱ्या खांद्याशी. एक फेरी म्हणजे सुमारे महिना, पाव फेरी म्हणजे सात दिवस. सकाळपासून दुपारपर्यंतचे सात दिवस तिथेच पायांखाली मोजून झाले.

पण मुलं थांबेनात. आता 'पृथ्वी' झालेली ती मुलगी हातातला कागद पुन्हा वाचत होती, या खेपेला मनातल्या मनात आणि सावकाश. "मॅडम, चकती डोंगराच्या टोकावर आहे, डोक्यावर नाही. रेवाचं घर याच्या नाकावर असतं तर मी डोक्यावर दिसले असते. म्हणजे घर याच्या कानापाशी आहे!" आणि तिने 'डोंगराच्या टोकावर' या शब्दांखाली रेघ ओढली, तिची पहिली.

हे उत्तर लिहिताना माझ्याही मनात नव्हतं. चकती अर्धी असावी आणि डोंगराशी असावी, एवढाच हिशोब मी केला होता. त्यावरून घराचा पत्ता काढता येतो, हे मला त्या दोघांनी दाखवलं.

घंटा झाली. मुलं दप्तरांकडे पळाली. छोटू मात्र तिथेच उभा होता, एक हात कानावर आणि दुसरा मागे डोक्यावर, केसांत.

"मॅडम, जो इथं मागं राहत असन," त्याने डोक्याचा मागचा भाग दाबून दाखवला, "त्याले तं पृथ्वी कधीच दिसत नसन. त्याले मालूमच नसन का पृथ्वी आहे म्हणून?"

मी त्याच्या हातात खडू दिला आणि हा प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितलं. लिहायला त्याला बराच वेळ लागला. दोन अक्षरं पुसून पुन्हा काढली. रिक्षावाले काका दारात हाका मारत होते, तरी पाच-सहा मुलं परत येऊन त्याच्या मागे उभी राहिली होती आणि तो लिहील तसं एकेक शब्द वाचत होती.