पुसू नये

पेस्ट कंट्रोलवाला येणार म्हणून रविवारी दुपारी माळा रिकामा करायला घेतला. न वापरलेले स्टीलचे डबे, कुणाच्या तरी मुंजीतला आहेर, आणि त्यामागे चपलांच्या खोक्यात एक व्हिडिओ कॅसेट. सांगलीचं घर आवरलं तेव्हा बाकीच्या सगळ्या भंगारात गेल्या, ही कशी वाचली कोण जाणे. लेबलवर बाबांच्या तिरक्या अक्षरात 'रामायण', पुढे 'पुसू नये', त्याखाली दोन रेघा. मग ते सगळं खोडून 'सचिन, शारजा'. त्याच्याही पुढे 'पुसू नये'.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक चिमुकला तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. बाबांनी तो रामायणाच्या वेळी स्क्रूड्रायव्हरने मोठ्या निश्चयाने मोडला होता, आणि दहा वर्षांनी त्या भोकावर सेलोटेप चिकटवून निश्चयही मोडला. सेलोटेप आता चहासारखी पिवळी झाली आहे.

मस्कतहून आतोबांनी आणलेला आमचा व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर. त्यातल्या 'आर'वर बाबा जोर द्यायचे. गल्लीत भाड्याने यायचा तो व्हीसीपी, फक्त दाखवणारा. एका रात्रीत तीन सिनेमे बघून सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी तो परत केला जायचा. आमचा रेकॉर्डही करायचा. चालू कार्यक्रम एक बघा आणि रेकॉर्ड दुसऱ्या चॅनलचा करा, असं त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं. आमच्याकडे दुसरं चॅनल होतं कुठे? टायमर लावून झोपून जा, असंही लिहिलं होतं. पण दिवसातून एकदा तरी लाईट जायची आणि घड्याळाचे आकडे शून्यावर येऊन लुकलुकत बसायचे. त्यामुळे टायमर म्हणजे बाबाच.

25 जानेवारी 1987 ला रामायण सुरू झालं. व्हीसीआर आला त्याच्या थोडं नंतर, त्यामुळे सुरुवातीचे भाग आमच्याकडे कधीच नव्हते. राम आमच्या घरात थेट वनवासातच आला. रविवारी सव्वानऊपासून आजी सोवळं आवरून पाटावर, आई पोळ्या अर्ध्यावर टाकून दारात, आणि बाबा व्हीसीआरसमोर मांडी घालून, बोट पॉजवर. आधी जाहिरातींची ही लांबलचक रांग. बाबांचा हिशोब पक्का होता: कॅसेट 180 मिनिटांची, जाहिराती गाळल्या तर पाच भाग बसतात, नाही गाळल्या तर चार. कोऱ्या कॅसेटी काही झाडाला लागत नव्हत्या.

आणि एकदा का लाल दिवा लागला की घरात कुणी बोलायचं नाही. "शूऽऽ, रेकॉर्डिंग चालू आहे!" आजीने "राम राम राम" पुटपुटलं तरी बाबा मागे वळून बघायचे. मी शिंक दाबून दाबून लाल झालो आहे. फोडणीसुद्धा थांबायची. खरं तर खोलीतला आवाज टेपवर जायचा प्रश्नच नव्हता, ॲन्टेनातून येईल तेवढंच उतरायचं. पण टेपरेकॉर्डरवर गाणी उतरवून घेण्याच्या काळातली सवय. पुढे शाळेत हे मला कळलं आणि मी बाबांना सांगितलंही. ते म्हणाले, "असेल. तरी गप्प बसायला काय जातं?"

पॉजबद्दल मात्र त्यांचं ज्ञान पक्कं होतं. जाहिरात आली की पॉज करायचा, स्टॉप नाही. पॉजमधून पुन्हा सुरू केलं की जोड स्वच्छ येतो, स्टॉप करून पुन्हा रेकॉर्ड दाबलं की चित्र फडफडतं, रंगीत पट्टे येतात. पण पॉज फार वेळ धरून ठेवता येत नाही. काही मिनिटांनी मशीन आपणहून सोडून देतं, टेप झिजू नये म्हणून. त्यामुळे जाहिराती लांबल्या की बाबांचा जीव वरखाली.

कॅसेटवर पांढरी बुरशी धरली होती. बुरशीची कॅसेट घातली की मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या हेडचं वाटोळं होतं, म्हणून घरी लावायचा प्रश्न नव्हता. मशीन तरी कुठे होतं? जपानच्या शेवटच्या कंपनीनेसुद्धा 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. शेवटी जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर भरून देणारा एक दुकानदार सापडला. त्याने ती उघडली, साफ केली आणि आठवड्याने फोन केला. "सुरुवातीला थोडा बर्फ आहे साहेब, बाकी छान आहे." बर्फ म्हणजे पडद्यावरचे पांढरे ठिपके.

22 एप्रिल 1998, शारजातली भारत-ऑस्ट्रेलिया मॅच. ऑस्ट्रेलियाची बॅटिंग बाबांनी रेकॉर्डच केली नव्हती. त्यांची ठेवून काय करायचंय? आपली बॅटिंग तेवढी होती. मी मॅच कमी आणि जोडच जास्त बघत बसलो. ओव्हर संपते, जाहिरातीचं एक चित्र झळकतं न झळकतं तोच कट. बाबांचं बोट. परत येताना मात्र प्रत्येक वेळी उशीर, बोलर निम्मा रनअप घेऊन आलेला. एके ठिकाणी तर थेट चेंडू सीमारेषेकडे चाललेला दिसतो, मारला कसा ते नाहीच. मग ते धुळीचं वादळ. खेळाडू जमिनीवर पालथे, आणि लगेच फडफड, रंगीत पट्टे. म्हणजे इथे पॉज सुटला होता. खेळ पंचवीस-एक मिनिटं थांबला होता, कोण धरून ठेवणार? पुढे जिंकायला 46 ओव्हरमध्ये 276 हव्या होत्या, पण फायनल गाठायला 237 पुरणार होत्या. त्या झाल्या. सचिन 143 वर गेला.

सचिन आउट झाला की टीव्ही बंद, हा आमच्याकडचा कायदा. बाबा उठून टीव्ही बंद करून झोपायला गेले असणार, कारण त्यानंतर एकही कट नाही. टीव्ही बंद असला तरी व्हीसीआर आपला रेकॉर्ड करतच राहतो. आम्ही 26 धावांनी हरलो, ते आमच्या घरात कुणीही न बघता टेपवर उतरलं. मग बक्षीस समारंभ. मग अख्ख्या जाहिराती, साबण, शीतपेय, बनियन, एकापाठोपाठ एक, बोट न लागलेल्या. आणि एका टूथपेस्टच्या ऐन मध्यावर खट्. थोडा बर्फ, आणि खालून एकदम 1988 वर आलं: धनुष्य, धूर, हात जोडलेली वानरसेना. पुसायचं राहून गेलेली शेवटची नऊ मिनिटं.

मला त्या टूथपेस्टचंच कोडं पडलं. तिथे स्टॉप दाबला कुणी? बाबा एकदा झोपले की उठत नसत. आजी तोवर नव्हती, मी पुण्याला होस्टेलवर. आई लसूण सोलत बसली होती, तिला विचारलं. व्हीसीआरला हात लावायची तिला कायम बंदी. एकदा तिने त्यावर विणलेला रुमाल टाकला होता, तर बाबा दोन दिवस बोलले नव्हते.

"मीच केला असेल," ती म्हणाली. "लाल दिवा दिसत होता अंधारात. हे झोपले की घरातली सगळी बटणं कोण बंद करायचं?"

"पण तुला स्टॉपचं बटण माहीत होतं?"

"मोठं असतं ते," आई म्हणाली, आणि लसणाची सालं सुपात पाखडायला उठली.